जानेवारीतलं एफ्टेलिंग

सोमवार

आइंडहोवनहून काट्सहुव्हल गाडीने पाऊण तासावर आहे. तिथलं एफ्टेलिंग हे नेदरलँड्समधलं सगळ्यात मोठं थीम पार्क. वर्षाला ५० लाखांहून जास्त माणसं तिथे येतात आणि त्यातली बरीचशी उन्हाळ्यात आणि शाळांच्या सुट्ट्यांत. इथल्या मराठी घरांत भारतातून कुणी पाहुणे आले की त्यांनाही जुलै-ऑगस्टमध्येच तिथे नेलं जातं. आम्ही मुद्दाम जानेवारीचा शेवटचा आठवडा निवडला. आई डिसेंबरात मिरजेहून आली होती, तिचा व्हिसा नव्वद दिवसांचा, त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत ती थांबणार नव्हतीच. आणि लेक अजून चार वर्षांची आहे. इथे पाचवं वर्ष पूर्ण झालं की शाळा सक्तीची होते, मग अधल्यामधल्या वारी मुलांना सहलीला नेता येत नाही. तिकिटाचे दरही तारखेप्रमाणे बदलतात. जानेवारीतला सोमवार बराच स्वस्त पडतो.

सकाळी शेतांवर पांढरं दहिवर गोठलेलं होतं. पारा शून्याच्या आसपास. आईने साडीच्या आत थर्मल, वर माझा जुना लांब कोट, कानटोपी आणि पायात लोकरीचे मोजे घालून कॅनव्हासचे बूट असा सगळा जामानिमा केला होता. ‘मला थंडीचं काही नाही गं, फक्त पाय कोरडे राहिले पाहिजेत,’ हे तिने निघताना सांगून टाकलं.

पार्किंगमध्ये हवी तिथे गाडी लावा, अशी परिस्थिती. प्रवेशद्वाराची इमारत लांबूनच दिसते : गवताने शाकारलेलं प्रचंड छप्पर, त्याला आभाळात घुसलेली टोकं. ही १९९६ सालची. अकराला दारं उघडली तेव्हा आमच्या पुढे-मागे मिळून फार तर तीस-चाळीस माणसं असतील. बरेचसे आजीआजोबा, नातवंडांच्या ढकलगाड्या, आणि वार्षिक पास गळ्यात अडकवलेली दोन-तीन जोडपी.

आम्ही राइड्सकडे न वळता थेट परीकथांच्या रानात गेलो. एफ्टेलिंगची सुरुवातच इथून झाली आहे. १९३५ मध्ये काट्सहुव्हलच्या दोन कॅथलिक धर्मगुरूंनी गावातल्या मुलांसाठी खेळाचं मैदान आणि फिरायची जागा केली. हा सगळा टापू चांभारकामाचा, घरोघरी बूट शिवणाऱ्यांचा. पुढे १९५० मध्ये संस्था स्थापन झाली आणि ३१ मे १९५२ ला दहा गोष्टींचं हे रान लोकांसाठी खुलं झालं. आज गोष्टी तीसच्या आसपास आहेत. पार्क अजूनही त्या संस्थेचंच आहे, भागधारक वगैरे कुणी नाहीत. मला वाटतं, इथे घाईघाईने काही उरकलेलं दिसत नाही त्याचं एक कारण हे असावं.

रानाचं रूप ठरवलं ते चित्रकार आंतोन पीक यांनी, आणि त्यांची चित्रं हलती-बोलती केली पीटर रायन्डर्स यांनी. रायन्डर्स आमच्या आइंडहोवनचे. १९५१ साली फिलिप्सच्या वर्धापनदिनासाठी त्यांनी शहरात अशीच एक परीकथांची बाग उभी केली होती. पीक यांचा आग्रह असा की घरं खरी बांधायची. पुठ्ठ्याच्या आणि प्लायवूडच्या देखाव्यांना त्यांचा विरोध होता. विटा खऱ्या, लाकूड खरं, कौलं खरी. भिंती मात्र मुद्दाम जरा वाकड्या, जुनाट. उन्हाळ्यात हे कळत नाही, कारण प्रत्येक घरापुढे चार-पाच ओळी माणसं उभी असतात आणि डोक्यांवरून मोबाइल धरलेले असतात. त्या सोमवारी मी एका भिंतीला हात लावून पाहिलं. विटांच्या सांध्यांत हिरवं शेवाळ होतं, त्यावर बर्फाचे कण, आणि सत्तर वर्षांच्या पावसाने विटेची कड गोल झाली होती. खिडकीची चौकट कुणीतरी नुकतीच रंगवली होती, तेलाच्या रंगाचा वास येत होता. थोडं पुढे एक माणूस शिडीवर चढून छपराचं गवत चापटीने ठोकून बसवत होता. आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. आमच्या आजोळच्या घरीही पावसाळ्याआधी शाकारणी होत असे, त्यामुळे तिला त्यातलं कळतं. ‘पेंढ्या खालून वर रचतायत बघ, म्हणजे पाणी आत शिरत नाही,’ असं तिने लेकीला दाखवलं.

लांगनेक म्हणून एक लांब मानेचा माणूस आहे, १९५२ पासूनचा. गोष्टीतल्या सहा नोकरांपैकी एक. तो बसलेला असतो आणि त्याची मान हळूहळू वर जाते, झाडांच्या फांद्यांपर्यंत. लेक समोरच्या कठड्यावर बसून राहिली. तिला उठवणारं मागे कुणी नव्हतं. मान वर गेली, खाली आली, परत वर गेली, तेव्हा कुठे ती म्हणाली, ‘आता दुसरीकडे.’

झोपलेल्या राजकन्येच्या किल्ल्यात दाराशीच पहारेकरी झोपलाय. त्याची छाती वरखाली होते. एवढी शांतता होती, की त्याचा श्वास आणि त्यामागे यंत्राचा मऊसा घर्र आवाज, दोन्ही वेगवेगळे ऐकू येत होते. आईने मिरजेत तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. तिला त्या आवाजानेच आनंद झाला. ‘आत कॅम असणार,’ ती म्हणाली, आणि हाताने गोल फिरणाऱ्या चाकाची खूण करून नातीला समजावत बसली.

रस्त्याच्या कडेला लाल टोपीच्या दगडी अळंब्या आहेत. त्यांतून हार्पसिकॉर्डवरची एक जुनी चाल वाजत असते. गर्दीत ती ऐकू येते न येते. लेकीने अळंबीला कान लावला आणि डोळे मोठे केले. मग आम्हाला प्रत्येकाला खाली वाकून कान लावावा लागला, आईलासुद्धा.

होले बोले खाइस हा इथला सगळ्यात लाडका. तोंड उघडून बसलेला जाडा माणूस. ‘पापीर हिर,’ म्हणजे कागद इकडे, असं ओरडत असतो. पहिला खाइस १९५९ चा. तोंडाशी कागद नेला की आतली हवा तो ओढून घेते आणि खाइस ‘डांक उ वेल’ म्हणून आभार मानतो. लहान मुलं त्याला भरवण्यासाठी रस्त्यावरचा कचरा हुडकतात, त्यामुळे पार्क स्वच्छ राहतं. त्या दिवशी जमिनीवर कागदाचा कपटा नव्हता. शेवटी आईने पर्समधला टिश्यूचा अख्खा पुडा काढला आणि एकेक टिश्यू नातीच्या हातात देत गेली. कागद हातातून सुटताना जी ओढ लागते ती तिलाही बघायची होती, म्हणून शेवटचे दोन तिने स्वतः दिले.

उडत्या फकिराजवळ पोचलो तेव्हा आभाळ जरा उजळलं. हा १९५८ चा. फकीर गालिच्यावर बसून एका बुरुजातून दुसऱ्या बुरुजाकडे जातो, बासरी वाजवतो, आणि जमिनीतून ट्यूलिप वर येतात. भोवती सगळं रान निष्पर्ण, माती गोठलेली, आणि त्यातून ते लाल-पिवळे ट्यूलिप. खऱ्या ट्यूलिपना अजून अडीच-तीन महिने अवकाश होता. आई परत जाणार मार्चच्या सुरुवातीला, तिला ते शेतात फुललेले दिसणार नव्हते.

मग मी ज्याची वाट बघत होते ते आलं. भारतीय कमळं. १९६६ साली बांधलेली गुहा, बाहेरून देवळाच्या भग्नावशेषासारखी. गोष्ट बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेली आहे. रात्री तळ्यावर नाचायला उतरणाऱ्या अप्सरा पहाटेचं भान विसरतात आणि चेटकिणीच्या शापाने कमळं होतात. रात्र झाली की पाकळ्या उघडून पुन्हा नाचतात. आत अंधार, मधोमध पाणी, बेडूक वाद्यं वाजवतात, आणि कमळं उमलून त्यांतून नाचणाऱ्या आकृती वर येतात. जुलैत आम्हाला इथे दहा मिनिटं दाराबाहेर आणि मग एकमेकांच्या खांद्यांतून जेमतेम अर्धा देखावा दिसला होता. आज आत आमच्याखेरीज एक डच जोडपं, दोघंही सत्तरीच्या पुढचे.

खेळ संपला, दिवे मंद झाले, आई जागची हलली नाही. ‘परत लागतो का?’ परत लागला. तिसऱ्यांदाही आम्ही तिथेच होतो. मला धाकधूक होती, की यात दाखवलेला ‘भारत’ तिला खटकेल. तिने वेगळंच पाहिलं. ‘त्या बाईने इकडे येऊन पाहिलं असो-नसो, पण कमळ संध्याकाळी मिटतं आणि सकाळी उघडतं, तिने उलटं केलंय. बहुतेक कुमुदं असावीत. ती रात्रीच उमलतात.’ डच आजींनी विचारलं, या काय म्हणतायत? मी सांगितलं. त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं. मग आई आणि त्या आजी एकमेकींच्या भाषेतलं अक्षर न कळता पाण्याकडे बोटं दाखवत बोलत राहिल्या. ते दोघं जवळच्याच गावचे होते. थंडीत दर आठवड्याला येतात, कधी फक्त कॉफी प्यायला आणि या गुहेत बसायला.

चारनंतर थंडी वाढली. ठिकठिकाणी लोखंडी टोपल्यांत ओंडके पेटवलेले असतात, त्यांच्याभोवती बाक. तिथे बसून डब्यातली थालीपिठं आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बाहेरचं खाणं आणायला इथे मनाई नाही. सव्वापाच-साडेपाचला अंधार पडला आणि झाडांवरचे दिवे लागले.

मुक्काम बॉसरायकमध्ये, पार्कच्याच शेजारच्या घरांत. इथे राहिलं की पार्कचा प्रवेश त्यातच येतो. स्वयंपाकघर आहे, म्हणून आम्ही हॉटेलऐवजी हे घेतलं. आईने मुगाची खिचडी लावली.

मंगळवार

आजचा दिवस राइड्सचा. नवऱ्याने रात्रीच नकाशावर खुणा करून ठेवल्या होत्या.

ज्यांना पाण्यातल्या राइड्स हव्या असतील त्यांनी जानेवारीत येऊ नये. पिरान्याचं पात्र कोरडं पडलं होतं, आत कामगार. गोंडोलेटाच्या संथ नावा हिवाळाभर बंदच असतात. खाण्याची काही दुकानंही बंद. वर्षभर पार्क चालू ठेवायचं तर दुरुस्त्या याच दिवसांत होणार, आणि मला ते बघायला आवडलं. एका ठिकाणी उघड्या झाकणातून साखळी आणि दातेरी चाकं दिसत होती. एकजण ब्रशने वंगण लावत होता.

बॅरन १८९८ ही २०१५ ची राइड. सोन्याच्या खाणीची गोष्ट आहे. गाडी वर जाते, कड्यावर काही क्षण नुसती लटकते, आणि मग थेट खाली, ३७.५ मीटर, ताशी ९० किलोमीटरच्या वेगाने, जमिनीतल्या विवरात. लेकीला तिथे प्रवेश नाही, उंची १३२ सेंटिमीटर लागते. आईने सांगून टाकलं, ‘तुम्ही जा हो दोघं, मी बघते हिला.’ रांग नव्हतीच. कड्यावर लटकलो तेव्हा डावीकडे सगळा ब्राबांत प्रांत दिसला : काळीभोर झाडं, पांढरी शेतं, मधून जाणारा महामार्ग. मग डोळ्यांतून पाणी. दोन अंशाच्या हवेत तो वेग गालांवर सुईसारखा लागतो. मफलर तोंडावरून घ्यावा आणि कोटात नीट खोचावा. नवरा उतरून तसाच पुन्हा चढला, आणि त्यानंतर आणखी.

योरिस एन द द्राक २०१० ची, लाकडी, दोन रुळांवर दोन गाड्यांची शर्यत. थंडीत वंगण घट्ट होतं, गाड्या जरा जड चालतात. लाकडाचा कुरकुर आवाज मात्र मोकळ्या हवेत छान घुमतो. पायथन १९८१ ची. तिचे बरेचसे रूळ २०१८ मध्ये बदलले, तरी रूप तेच ठेवलंय. रांग म्हणावी अशी फक्त डान्स माकाब्रपाशी होती. जुन्या भुताच्या वाड्याच्या जागी ही राइड ३१ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, त्यामुळे तेव्हा अजून नवलाई होती. नवरा एकटाच जाऊन आला.

आईसाठी मी व्हिला व्होल्टा ठरवली होती. १९९६ सालची ही आधुनिक ‘मॅडहाउस’ प्रकारची जगातली पहिली राइड. आधी ह्यूगो व्हान डेन लोन्शे डाउनन याची गोष्ट सांगतात. तो लुटारूंच्या टोळीचा म्होरक्या. त्या टोळ्यांबद्दल या भागात दंतकथा आहेत, बोकडांवर बसून आभाळातून जात अशा. एका मठावर दरोडा घातल्यामुळे त्याला शाप मिळाला आणि आता त्याला स्वतःच्याच घरात स्वस्थता नाही. मग एका मोठ्या दिवाणखान्यात समोरासमोरच्या बाकांवर बसवतात, मांडीवर दांडा येतो, आणि घर फिरायला लागतं. छत खाली, जमीन वर. आपण उलटे टांगलेले आहोत याबद्दल शंका उरत नाही.

आईने दांडा घट्ट धरला होता, पण डोळे मिटले नाहीत. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, ‘माझा पदर का नाही पडला?’ उलटं झालो असतो तर कोटाबाहेर आलेला पदर तोंडावर यायला हवा होता. नवऱ्याने सांगितलं की बाक थोडासाच झुलतो. भोवतीची खोली पिंपासारखी वेगळी फिरते. डोळे खोलीवर विश्वास ठेवतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग गोंधळतो. हे ऐकल्यावर तिला परत जायचं होतं. दुसऱ्या फेरीला तिने रुमाल काढून दोन बोटांत लोंबता धरला आणि फेरीभर फक्त त्याच्याकडे पाहत राहिली. खोली गरगरत होती, रुमाल किंचित डावीउजवीकडे होत सरळ खाली लोंबत होता. ‘आता मला काहीच वाटलं नाही,’ ती उतरून म्हणाली. आठवीच्या वर्गाला लंबक शिकवताना तिचा चेहरा जसा व्हायचा तसाच होता. राइड चालवणाऱ्या पोराने हे सगळं पाहिलं होतं. त्याने अंगठा वर केला. जुलैच्या शनिवारी एका आजीला रुमालाचा प्रयोग करायला लागोपाठ दोन फेऱ्या कोण मिळू देणार?

दुपारी लेकीची पाळी. ड्रोमव्ल्युख्त १९९३ ची, टोन व्हान द व्हेन यांनी योजलेली. पीक यांच्यानंतर इथली बरीच मोठी कामं त्यांची आहेत. वरच्या रुळाला टांगलेल्या छोट्या गाडीतून पऱ्यांच्या जंगलांवरून, तरंगत्या किल्ल्यांमधून जायचं, आणि शेवटी गोल गोल खाली. उन्हाळ्यात इथेच सगळ्यात जास्त तिष्ठावं लागतं. आज ती उतरली, धावत वळसा घालून परत दाराशी, पुन्हा बसली. पहिल्या फेरीत तिला पऱ्या दिसल्या, नंतरच्या फेरीत घुबड, मग पानाखाली लपलेला एक बुटका. तिने तो मला दाखवला. मी इतक्या वेळा जाऊन तो पाहिला नव्हता. आत ऊब असते, त्यामुळे बोटंही शेकली.

२०१७ च्या सिम्बोलिकाच्या गाड्यांना रूळच नाहीत, त्या जमिनीवर आपापल्या वाटेने फिरतात. आईने खाली वाकून चाकं पाहण्याचा प्रयत्न केला. फाता मॉर्गानाच्या नावेत, १९८६ च्या, अरबी बाजारातून जाताना लेक माझ्या मांडीवर झोपून गेली.

बुधवार

सकाळी पार्क उघडायच्या आधी ह्यूगोच्या मुलखात गेलो. त्याच्या नावात ज्या वाळूच्या टेकड्या आहेत त्या खऱ्याच आहेत, पार्कला अगदी लागून. लोन्स एन ड्रूनेन्स डाउनन, २००२ पासून राष्ट्रीय उद्यान. मध्ययुगात लोकांनी झाडं तोडली, गुरं चारली, गवताचे थर काढून शेतात नेले, तेव्हा खालची वाळू सुटली आणि वाऱ्याबरोबर शेतांवर, घरांवर चालून आली. पुढे पाइन लावून ती थोपवली. आज मधला मोठा पट्टा मुद्दाम उघडा ठेवलाय.

वाळूचा वरचा थर गोठला होता, पायाखाली करकर वाजत होता. एफ्टेलिंग पाहिल्यावर इथे यावंच असं मी सगळ्यांना सांगेन, कारण पार्कमधली झाडं, ती मऊ भुसभुशीत जमीन, पाइनचा वास, हे सगळं या रानातूनच आलंय. आईने वाळू चिमटीत घेऊन पाहिली. ‘कृष्णेकाठच्या वाळूपेक्षा बारीक आहे,’ एवढंच म्हणाली आणि थोडी कागदात बांधून घेतली.

दुपारी पार्कमध्ये परत. वाफेच्या आगगाडीतून एक फेरी मारली. १९६९ पासून ती चालते. थंडीत वाफ पांढरीशुभ्र आणि दाट दिसते, डबे तिच्यात बुडून जातात. मग आईच्या सांगण्यावरून पुन्हा कमळांची गुहा. डच आजीआजोबा नव्हते. शाळेची एक छोटी सहल होती, दहा-बारा मुलं. ती गेल्यावर आम्ही एक खेळ निवांत पाहिला.

निघताना आईने मला यादी लिहून घ्यायला लावली. तिच्या दोन मैत्रिणी पुढच्या वर्षी मुलांकडे येणार आहेत, एक ॲम्स्टलव्हेनला, एक डसेलडॉर्फला. त्यांना सांगायचं : जानेवारीत या, मंगळवारी किंवा बुधवारी, सुट्ट्या टाळून. वाटरप्रूफ बूट घ्या. थर्मासमध्ये चहा ठेवा. आधी रान बघा, राइड्स नंतर. व्हिला व्होल्टात रुमाल न्या. आणि गोंडोलेटाच्या नावेत बसायची हौस असेल तर मात्र एप्रिलनंतरच.